आईचं टोपडं

मागच्या हंगामात कापूस वेचता वेचता आई पऱ्हाटीतच चक्कर येऊन पडली. शेतमालकानं तिला बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि "डोक्यावर काहीतरी घेत जा," असा सल्ला दिला. सल्ला द्यायला काहीच लागत नाही, म्हणून तो सगळेच देतात. भर दुपारचं काम दोन तास थांबवू, असं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. परतूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की पुढच्या वर्षी डोकं आणि मान झाकलेली राहिली तरच वेचायला जायचं, नाहीतर घरी बसायचं. गोळ्यांची पुडी आईनं मुकाट घेतली. घरी बसायचं म्हटल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं.

मी पत्रकं लिहिते. शेतमजूर बायकांसाठी लिहिते, वाटते, वाचूनही दाखवते. 'उन्हात राबणाऱ्या प्रत्येक बाईला सावलीचा हक्क आहे' हे वाक्य मी ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं. शेजारच्या काकू ब्लाऊज शिवतात आणि वेचणीला आईच्याच टोळीत असतात. त्यांनी पत्रक पुरतं वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली आणि म्हणाल्या, "लई चांगलं लिव्हलंस माय. आता हे डोक्यावर कसं बांधायचं, तेबी सांग."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी पांढरं सुती कापड आणलं आणि काकूंच्या पायमशीनवर जाऊन बसले.

पदर कामाचा नसतो, हे मला माहीत होतं. वाकलं की घसरतो आणि वाळल्या बोंडांच्या टोकांत अडकतो. रुमालानं मान उघडी राहते. म्हणून मी टोपी बेतली: दोन बाजूंना दोन तुकडे, मधून एक पट्टी, कपाळावर कडक कापड घातलेलं झापड, मागं खांद्यापर्यंत झालर आणि हनुवटीखाली बंद. तीनदा दोरा तुटला, एकदा झालर उलटी जोडली. काकू बाजूला शेंगा फोडत बसल्या होत्या. "कर कर, उसव. पत्रकात खाडाखोड चालत आसंल, हितं दिसती."

टोपी झाली. आईनं घातली, आरशात बघितलं आणि पोट धरून हसली. "बारशाचं टोपडं घातलंस की गं मला!" हसली, पण वेचणी सुरू झाली त्या दिवशी नेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा मान लालबुंद होती. टोपी पिशवीत, घडी घालून ठेवलेली.

मी भडकले. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस का, मी आठवडाभर मशीनवर कशाला बसले, सगळं बोलले. आईनं एवढंच सांगितलं, "आयकू येत न्हाई."

"काय ऐकायचंय तिथं? कापूस बोलतो का?"

"तू येऊन बघ मंग."

गेले. रागानंच गेले. टोळीत सहा बायका. प्रत्येकीची एकेक ओळ असते, तिला पात म्हणतात. सगळ्या आपापल्या पातीवर वाकलेल्या, कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. बोलणं तेवढं पातीवरून पातीवर जातं. कोण मागं राहिली, ते आवाजावरून कळतं, मग शेजारची तिच्या पातीतली दोन झाडं वेचून देते. आणि गोष्ट सांगायची असते आईनं. तिच्या माहेरची, बाजारातली, कुणाच्या तरी लग्नात जेवणाच्या पंगतीत झालेल्या भांडणाची. बाकीच्या "हं" म्हणत राहतात. हुंकार आला की गोष्ट पुढं सरकते आणि हातही सरकतात.

माझ्यासमोर आईनं टोपी पुन्हा घातली होती आणि त्या टोपीनं तिचे कान गच्च झाकले होते. तिला हुंकार ऐकू येत नव्हता. तिनं दोनदा विचारलं, "आयकून राह्यल्या ना गं?" सगळ्या ओरडल्या, "हं!" तरी तिला पत्ता नाही. गोष्ट तुटली, पात मागं पडली आणि आईनं बंद सोडायला हात वर केला.

"थांब," मी म्हणाले. तिथंच बांधावर बसून काकूंच्या पिशवीतल्या ब्लेडनं कानांवरचं कापड कापलं. घरी येऊन पक्कं शिवलं. कडा दुमडल्या, झालर कानामागून घेतली आणि झापड दोन्ही बाजूंना चार बोटं रुंद केलं, म्हणजे उघड्या कानांवर सावली पडेल. काकूंनी काम हातात घेऊन उलटसुलट बघितलं. 'उसव' म्हणाल्या नाहीत. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

शिवायच्या आधी मी आईला काहीच विचारलं नव्हतं. डोक्याचं माप घेतलं, दिवस कसा जातो ते समजून घेतलं नाही. बायकांना विचारून योजना आखा, असं मी दुसऱ्यांना लिहून देते.

त्या हंगामात मी आणखी पाच टोप्या शिवल्या. काकूंनी स्वतःच्या टोपीला निळी किनार लावून घेतली. दुपारी काम थांबवण्याची मागणी मी सोडलेली नाही. बाईनं टोपी घातली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही, हे नव्या पत्रकात पहिल्याच ओळीत आहे. पण यंदा आई घरी बसली नाही, हे खरं.

नवी टोपी घालून गेली त्या दिवशी ती दिवे लागायच्या आत परतली. पंगतीतल्या भांडणाची गोष्ट पुरी झाली होती, नवरदेवाच्या मामाचं काय झालं ते ती मला दारातूनच सांगू लागली. हातपाय धुतले, परात ओढली, भाकरी थापायला बसली. टोपडं डोक्यावरच होतं, बंद हनुवटीखाली पक्के. मी तिला सांगितलं नाही.