एक जूनची पोर

रामकिशन कायद्याला भिणारा माणूस. पोरीला अठरा पूर्ण झाल्याबिगर अक्षता पडू देणार नाही, असं त्यानं पाहुण्यांना ठणकावून सांगितलं, आणि शाळेच्या टीसीवरची जन्मतारीख, एक जून, उलटताच लग्नाला पाच तारीख धरली. जळकोटकडच्या त्या गावात त्याचं केवढं कौतुक झालं! बायकोनं, केवळाबाईनं मात्र जेवण टाकलं.

कारण उज्वलाला अठरा नव्हती. सतरावं चालू होतं. आणि हा घोळ केवळाबाईनंच घालून ठेवला होता.

उज्वला जन्मली ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. तिथं नोंद कोण करतंय? पोर चारची झाली तेव्हा केवळाबाई खुरपायला जायची आणि पोर बांधावर उन्हात. शाळेत सावली होती, खिचडी होती, पण गुरुजी सहाच्या आत घेईनात. "सहाचीच हाय, अंगानं बारीक हाय," असं सांगून तिनं फॉर्मवर अंगठा दिला. गुरुजींनीही विचारपूस न करता गावातल्या निम्म्या पोरांसारखी एक जून ही जन्मतारीख टाकून दिली.

पोर हुशार निघाली. बारावी झाली. तिला लातूरला नर्सिंगला जायचं होतं. बापाला पुरे वाटलं.

"अवो, लेकरू हाय ती. तुमाला ठाव न्हाई का?"

"मला कागद ठाव हाय," रामकिशन म्हणाला. "तूच घातलीस ना शाळंत? मंग?"

केवळाबाई ग्रामसेवकाकडं गेली. अमरेश तसा भला माणूस.

"मावशी, असली लग्नं थांबवायचं काम माझंच आहे. पण मी आलो की ते टीसी पुढं करतील. जन्माचा दाखला आणा."

"फडात कोन देतंय दाखला?"

"लसीचं कार्ड?"

"पान्यात गेलं, सायेब."

"मग शाळेचाच कागद धरतात. आणि तो खोटा म्हणता, तर ते वय सांगितलं कुणी?"

"म्या."

अमरेशनं वही मिटली. केवळाबाईला नियम त्या दिवशी नीट कळला. आईनं एकदा सांगितलेलं वय शाईत राहतं. दुसऱ्यांदा सांगितलेलं कुणी धरत नाही.

हळद लावताना उज्वलानं हळूच विचारलं, "आई, मी खरंच किती वर्षांची हाय?"

"सोळा सरली तुला."

पोर म्हणाली, "शाळंत घालायला दोन वर्षं थांबली असतीस तर?"

"बांधावर साप निगायचे गं, उजे."

लग्न थाटात लागलं. आठ दिवसांनी नोंदणीला सगळे ग्रामपंचायतीत आले. पत्रिका, फोटो, दोघांचे टीसी, सगळं रामकिशननं पिशवीत लावून आणलेलं. साक्षीदार तीन लागतात. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं सही केली, मामानं केली. रामकिशन म्हणाला, "केवळे, दे अंगठा. आईचा असलेला बरा."

केवळाबाईनं हात पदरात घेतला. "म्या न्हाई देनार."

उज्वलानं मान वर केली.

दारात नवऱ्या मुलाचा एक दोस्त उभा होता. त्यानं पुढं होऊन सही ठोकली.

"झाले तीन," अमरेश म्हणाला आणि त्यानं शिक्का मारला.

उज्वलानं मान परत खाली घातली.