सायलेन्सरचे तोंड कोणीकडे

युद्ध संपले आणि नगरच्या छावणीतला जुना माल लिलावात निघाला, तेव्हा आमच्या वडिलांनी एक पिकअप घेतली. तिने लढाई कोणाशी केली होती हे कळायला मार्ग नव्हता. पण ती हरली असावी. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा. दर रविवारी त्या हौद्यातून माणसे, कोंबड्या आणि मिरच्यांची पोती, आपसात फारसा भेदभाव न करता, बाजारगावी जात. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांना सही करता येत असे. त्यापुढचे शिक्षण त्यांनी माझ्यावर सोपवले होते. मी पुण्याला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि माझे कॉलेज या रविवारच्या फेरीवर चालत होते. फेरी बंद म्हणजे कॉलेज बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

आमचे गाव नगरकडून येताना सुप्याच्या अलीकडे, सडकेपासून आत. एका रविवारी, मी सुट्टीला घरी असताना, ओढ्यातल्या दगडावर आपटून गाडीचा गंजलेला सायलेन्सर गळून पडला. उरला तो नुसता पाइप. गाडी चर्चवरून गेली, तेव्हा आत पाळकसाहेब येशूने प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेतल्या शांततेवर बोलत होते. खिडक्या थरथरल्या. प्रवचन संपले असे समजून मागच्या बाकांनी मोठ्याने ‘आमेन’ म्हटले आणि टोप्या उचलल्या. दादांचे म्हणणे असे, की त्यांच्या गाडीने चर्चवर केलेला हा एकमेव उपकार होता.

चर्चच्या मंडळीच्या पंचांना तसे वाटले नाही. त्यांनी सांगितले, गाडी गप्प कर, नाहीतर रविवारी चर्चच्या रस्त्याने आणू नकोस. दुसरा रस्ता नदीच्या वाळूतून होता. त्यात बैलगाडीसुद्धा देवाचे नाव घेऊन उतरे.

म्हणून मी आणि दादा नगरच्या भंगारवाल्याकडे गेलो. त्याने तीन सायलेन्सर पुढे टाकले. एक लष्करी मोटारसायकलचा, एक बसचा, लांबलचक आणि पोट सुटलेला, आणि एक कुण्या गोऱ्या साहेबाच्या मोटारीचा.

दादांनी एकेक उचलून तोंडाला लावला आणि फुंकला. मोटारसायकलचा पिपाणीसारखा वाजला. बसचा घुमला. साहेबाच्या सायलेन्सरमधून मात्र नुसता सुस्कारा निघाला.

“मडमेची झोप मोडू नये म्हनून केलाय त्यो,” भंगारवाला म्हणाला. “पर पाव्हनं, तुमच्या इंजनाला त्यो पुरायचा न्हाई. दम कोंडंल तिचा.”

“कोंडू द्या. दम माझाबी कोंडलाय,” दादा म्हणाले. त्यांच्या ओठांभोवती काजळीचे वाटोळे उमटले होते. तसेच आम्ही घरी आलो.

पुढच्या रविवारी गाडी चर्चवरून अशी गेली, की आतल्या कोणाला पत्ता लागला नाही. फक्त चढावर ती धापा टाकी. दादा खुशीत पुढच्या वडाखाली, मळ्यावरची माणसे गाडीत चढत तिथे, थांबले. वडाखाली कोणी नव्हते. बराच वेळ वाट पाहिली, आणि शेवटी एक लंगडा बोकड आणि त्याचा मालक एवढ्यांना घेऊन ते निघाले.

झाले होते ते असे. मळ्यांवरच्या घरांत घड्याळ कोणाकडे असणार? बायका धारा काढून, गाठोडे बांधून, चुलीपाशी कामे करत बसत. ओढ्याच्या वळणावर गाडी गरजली की “आली, आली” म्हणून पळत सुटत. सायलेन्सर धड होता तेव्हाही ती मळ्यापर्यंत ऐकू येई. भोंगा होता, पण त्याच्या आवाजाने वाटेतली कोंबडीसुद्धा बाजूला होत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्यावरची म्हातारी, अंड्यांची पाटी तशीच डोक्यावर घेऊन, आमच्या दारात उभी राहिली.

“मोटारवाल्या, चोरावानी गेलास व्हय रं?”

“मावशे, पाळकसायबांनी गप्प राहायला सांगितलंय.”

“मंग माझी अंडी बी त्यास्नीच घाल खायाला!”

आणि ती खरोखरच पाळकांच्या घराकडे निघाली. मागोमाग दादा, मागोमाग मी.

पाळकसाहेब जेवून ओसरीत बसले होते. म्हातारीने त्यांना बोलू दिले नाही. बाजार बुडाला, अंडी नासतील, शेजारच्या गावचा टांगेवाला आता गिऱ्हाईक पळवणार, हे सगळे तिने त्यांच्या कानापाशी वाकून, ओरडून सांगितले. हिला गाडीच्या आवाजाची गरज काय, असे मला वाटून गेले.

पाळकांनी डोळे मिटले. मला वाटले, प्रार्थना करताहेत.

“प्रवचनात मी बायकांच्या बाजूला तोंड करून बोललो की पुरुष झोपतात,” ते म्हणाले. “पुरुषांकडे वळलो की बायका झोपतात. आवाज तोंड असेल तिकडे जातो. तुमच्या पाइपाचं तोंड कुठं आहे?”

“मागं,” दादा म्हणाले.

“जाताना मळा कुठल्या हाताला?”

“डाव्या.”

“आणि चर्च उजव्या. मग डावीकडे वळवा.”

“आनि येताना, सायेब? येताना तोंड चर्चकडं व्हनार.”

“येता तेव्हा संध्याकाळ झालेली असते. त्या वेळी देवाचं माझ्याकडे काही काम नसतं.”

दादा नगरला जाऊन साहेबाचा सायलेन्सर देऊन बसचा घेऊन आले. लोहाराने शेपटाचा पाइप तापवून डाव्या अंगाला वाकवला. मग म्हातारीला मळ्यात, पाळकांना वेदीपाशी उभे केले आणि गाडी नेली. पाळक बाहेर येऊन म्हणाले, चालेल. म्हातारीने मळ्यातूनच दिलेली शिवी आम्हाला इकडे स्पष्ट ऐकू आली, म्हणजे तिकडेही चालत होते.

त्यानंतरच्या रविवारी मी सुट्टी संपवून त्याच गाडीने सडकेपर्यंत जाणार होतो. वडाखाली गाडी थांबायच्या आधीच मळ्याची वाट माणसांनी भरली. म्हातारी पुढच्या जागेवर माझ्या पिशवीवरच बसली. मी हौद्यात उभा राहिलो. तिथेही पाय ठेवायला फट उरली नाही. तरी आणखी दोघे धावत येत होते.

दादांनी मागे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“उतर,” ते म्हणाले. “तू शिकल्याला हायेस, तुला वाट सापडंल. चालत ये.”