हनीफभाईंची एक फळी

आज हनीफभाईंच्या कबरीत ठेवायची एक फळी मी परत पाठवली.

काही जणांना आवडलं नाही. म्हणून लिहितोय. नाहीतर आज बोटं उचलायचंही त्राण नाही.

हनीफभाई धरणगावचे सुतार. मी जळगावात पेस्ट कंट्रोल करतो. वाळवी कॉलेजात नाही शिकलो, भिंग घेऊन लोकांच्या चौकटींत शिकलो. त्याचा अभिमान आहे.

वाळवी सगळी सारखी नसते. सांगून सांगून तोंड दुखलं.

एक मातीवाली. जमिनीतून येते, ओल लागते, मातीची नळी बांधत चढते. येताना दिसते तरी.

दुसरी कोरडी. लाकडातच राहते. माती नाही, वाट नाही. खाली खसखशीसारखे दाणे पडतात, भिंगाखाली सहा बाजूंचे. (पिठासारखा भुसा पडला तर तो भुंगा. गल्लत नको.) फळी वरून नवी, आतून पोकळ.

मोहल्ल्यात कोणाची मय्यत झाली की कबरीत माणसावर आडव्या टाकायच्या फळ्या हनीफभाईंच्या दुकानातून जायच्या. कापून तयार. प्रत्येक फळी बोटांनी ठोकून.

मी एकदा म्हणालो, "यांना औषध मारून देतो."

हसले. "भाऊ, तुनं औषध तुनापाशी ठेव. मातीवालीनं तर फळी खावानं कामच शे."

"आणि कोरडी?"

"ती नको. माती टाकताना फळी मोडनी, तर मानूसना तोंडवर माती पडी. तितलं सांभाळनं पडस."

मग ते अंथरुणाला खिळले. फळ्या दुकानाच्या कोपऱ्यात तशाच. ठोकणारं कोणी नाही.

आज कबरस्तानात त्यांच्यासाठी त्यातल्याच आणल्या.

मी एकेक ठोकली. टक. टक.
एक वाजली, डब.
उलटी केली. तळहातावर खसखस.

त्यांचा मेव्हणा इस्माईल वैतागला. "भाऊ, लोक उभे आहेत. यहाँ भी इन्स्पेक्शन?"

मी त्याचा अंगठा धरून फळीवर दाबला. अंगठा आत गेला.

त्याने ती फळी गाडीवर टाकली. गाडीला किक मारली, दुसरी फळी घेऊन आला.

तीही ठोकली.

मग माती पडायला लागली. सगळे दुआ मागत होते. मी फळ्यांचा आवाज ऐकत होतो.

एकही करकरली नाही.

हनीफभाई, तोंडावर माती पडली नाही.
औषधही मारलेलं नाही. पुढचं काम मातीवालीचं.

थकलो आता.
सलाम, मिस्तरी.