बापूंच्या विमानाचा क्षीण आवाज

विषय : स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानातून बोललेले जमिनीवर ऐकू न येणे.
संदर्भ : उड्डाणाच्या परवान्यासाठी बापूंनी केलेला अर्ज.

उपरोक्त संदर्भान्वये कळविण्यात येते की, किस्से सरकारी फायलीसारखे वाढतात. एक कागद लावायला फाईल उघडावी, आणि वर्षभरात तिला बांधायला दोरी पुरू नये! मी जन्मभर कारकुनी केली, म्हणून बापूंच्या विमानाचं कागदकाम माझ्याकडे आलं. किस्से फुकट मिळाले.

बापू आखातात मेकॅनिक होते. तिकडून परतलेले लोक बंगला बांधतात, कलमं लावतात. बापूंनी रत्नागिरीबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर शेड घातली आणि फायबरचं विमान बांधलं. इच्छा एकच : सुमनवहिनींना शेजारी बसवून भाट्याच्या किनाऱ्यावरून एक चक्कर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "या खेपेला फिट म्हणून सही करतो. पुढच्या खेपेला मागू नका." म्हणजे त्या दाखल्याची मुदत संपायच्या आत परवाना हवा. बाकी सगळं जमलं, अडलं रेडिओवर. विमान गरजायचं, रेडिओ कुजबुजायचा.

*

रेडिओचे तज्ज्ञ म्हणजे हनीफभाई. जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून जग हिंडलेले. पहिल्या चाचणीला ते हातातला सेट घेऊन सड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले, मी त्यांच्याजवळ. बापू विमानातून ओरडले, "ऐकू येतंय का?"

"एकदम स्पष्ट!" मी आनंदाने म्हणालो.

हनीफभाईंनी सेट बंद केला आणि हाताने खूण केली, पुन्हा बोला. बापू पुन्हा ओरडले. तितकंच स्पष्ट!

"बापू," हनीफभाई जवळ जाऊन म्हणाले, "तुम्हाला रेडिओची गरजच काय? खिडकी उघडी ठेवा!"

*

मग हनीफभाईंनी निदान केलं : अंग फायबरचं, तेव्हा अँटेनाखाली धातूचा पत्रा हवा. बापू वजनाच्या बाबतीत फार कडक. "पाव किलो वाढेल!"

वहिनी म्हणाल्या, "मग तुमचं पोट उतरवा पाव किलो. तिथे शिल्लक भरपूर आहे."

पत्रा बसला. वहिनींच्या मोदकपात्राचं ॲल्युमिनियमचं झाकण होतं ते! त्या गणपतीत मोदक ताटलीखाली उकडले. मोदक फुटले, रेडिओ होता तिथेच.

*

पुढचा संशय हेडफोनच्या माइकवर. इंजिन चालू करून बापू बोलले. हनीफभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बापू, तुमचं इंजिन फार छान बोलतंय. पण तुम्ही कुठे आहात?"

माइक उलटा होता. तोंडाकडची बाजू बाहेर, बाहेरची तोंडाकडे. बापूंचं म्हणणं, सरळ ठेवला की मिशीला टोचतो! अखेर मिशी कापली गेली. आखातात तीस उन्हाळे टिकलेली मिशी रत्नागिरीच्या सड्यावर पडली.

बोलताना दाबायचं बटणही बापूंनी घरच्या डोअरबेलचंच बसवलं होतं. "विमानाचं मागवलं तर महिना लागतो!"

"आत बसून बाहेर बेल वाजवणारे तुम्हीच पहिले," वहिनी म्हणाल्या.

*

तरीही आवाज क्षीणच. केबल बदलली, बॅटरी बदलली, सेट बदलला. एके दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या आणि अँटेनाच्या बुडाशी वाकल्या.

"अगंबाई! माझी तार अजून इथेच?"

पहिल्या चाचणीच्याही आधीच्या दसऱ्याला त्यांनी विमानाला झेंडूचा हार घातला होता. सड्यावरच्या वाऱ्याने दोरा तुटतो, म्हणून बापूंच्याच खोक्यातल्या उघड्या तांब्याच्या तारेत ओवून! वर आलेली वस्तू एकच, अँटेना. हार तिलाच गुंडाळला. फुलं वाळून उडाली, तार मात्र बुडापर्यंत वेढे घालून आवाज गिळत बसली. ती काढली मात्र, हनीफभाई भाट्याच्या किनाऱ्यावरून सेटवर ओरडले, "हळू बोला, कान फुटले!"

"विमानाला हार कशाला घालायचा?" बापू तणतणले.

"तुमच्या भरवशावर बसायचंय ना मला, म्हणून!"

*

शेवटी परवान्याच्या तपासणीला सरकारी साहेब आले. वहिनींनी सुरमई तळली होती. साहेब जेवले, शहाळी प्यायले, आणि सड्याच्या टोकाला सावलीत खुर्ची टाकून सेट घेऊन बसले. मी शेजारी, फाईल धरून. विमानात बापू आणि हनीफभाई.

बापू नियमाप्रमाणे बोलले. साहेब म्हणाले, "उत्तम." मी सुटकेचा निःश्वास सोडला. एवढ्यात सेट पुन्हा बोलू लागला. बेलचं बटण दाबलं गेलं होतं, ते वर आलंच नव्हतं.

"सुटलो एकदाचे! हनीफभाई, त्या ढोल्याला विमानातलं काय कळतंय हो? सुरमईचे पाच तुकडे हाणलेन, आणि विचारतोय काय, तर पंखे किती!"

"हळू बोला, बापू."

"हळू कशाला? आपला रेडिओ कधी पोचलाय कुठे!"

बटण अडकलं की पलीकडचं काही ऐकू येत नाही. मी उठून दोन्ही हात जोरजोरात हलवले. बापूंनी विमानातून आनंदाने हात हलवले. पुढे साहेबांच्या चालण्याची नक्कल झाली, ढेकरेची झाली. ढेकर हुबेहूब होती.

साहेबांनी सेट बंद केला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडून फाईल मागून घेतली आणि सुंदर अक्षरात शेरा लिहिला : "प्रक्षेपण अत्युत्कृष्ट. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला. अर्जावर यथावकाश निर्णय घेण्यात येईल."

बापूंच्या डोळ्यांच्या दाखल्याची मुदत अजून संपलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.