बंदुकीचा कागद घेऊन रोह्याला

धाकट्या दिलीपच्या पोरीचं बारसं होतं, रोह्याजवळ वरसेला. जायचंच होतं. पण निघताना थोरल्या वसंतानं माझ्या पिशवीत लुगड्याखाली एक कागद सारला, आणि हा प्रवास नुसता बारशाचा राहिला नाही.

कागद बंदुकीचा. पीक राखायला आमच्या ह्यांच्या नावावर ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली तशी ती सगळ्यांसारखी पोलीस ठाण्यात जमा केली. मग हे वारले, बंदूक तिथंच पडून. आता ती वसंताच्या नावावर व्हायची तर दिलीपची आणि माझी 'हरकत नाही' म्हणून सही पाहिजे. रानडुकरं वाल उकरतात, वसंताला झोप नाही, हे खोटं नाही. तरी माझा हात होत नव्हता. का, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव गागोद्याच्या अंगाला. वसंता नि मी सकाळच्या गाडीनं पेण गाठलं. कुणाला यायचं असेल तर ऐका. पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागली की आधी चढा, चौकशी मागनं करा. पंच्याहत्तरी झाली की एसटीत तिकीट पडत नाही, पण आधार कार्ड हाताशी ठेवा.

कंडक्टर म्हणाला, "आजी, कार्ड?"

"तोंड बघून वय कळत नाय व्हय रे तुला?"

"पन्नास वाटतं, म्हणून तर मागतो."

लबाड मेला. कार्ड दाखवलं.

वडखळपर्यंत धूळ खाल्ली, नागोठण्यापर्यंत खड्डे. तिथून रोह्याला वळलं की भिसे खिंड. वळणं फार, दोन्ही अंगाला झाडी. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं बसावं. खिंडीत वसंता खिडकीबाहेर बघत म्हणाला, "या रानात किती डुकरं असतील गो आये."

"असू दे. त्यांचं घर हाय ते."



रोह्याच्या स्टँडवरून वरसेला रिक्षा मिळते. रिक्षावाला आणखी एक माणूस कोंबायला बघतो, हलू नका. जिथं मी भाताची खाचरं बघितली होती तिथं आता इमारती, आणि दिलीप तिसऱ्या माळ्यावर.

पोरीला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, पानं वाढली. वालाचं बिरडं चांगलं झालं होतं. पहिला घास घेतो न घेतो तोच दिलीपच्या सासऱ्यानं तोंड उघडलं. हे व्याही कंपनीतून रिटायर झालेले, आणि वसंताच्या विरुद्ध पार्टीचे.

"काय वसंतराव, बंदूक घेताय म्हणे? घ्या, तुमचंच सरकार हाय. पुढाऱ्यांची पोरं कंबरेला पिस्तूल लावून हळदीत नाचतात, आता तुम्ही पण नाचा."

"पिस्तूल वेगळं, ठासणीची वेगळी. तुम्ही बाजारातून वाल आणता, तुम्हाला काय कळणार?"

"डुकरं सरकारनं बघावीत. घरोघर बंदुका दिल्या तर भांडणात पहिली तीच निघेल."

"सरकार शेतात झोपायला येतं काय? तुमच्या रोह्यात धावीर महाराजांना पोलीस बंदुकीची सलामी देतात. देवाला चालते, आम्हाला नाय?"

"सलामी झाली की पोलीस ती परत कोठीत ठेवतात, वसंतराव!"

आवाज चढले, पोरगी रडायला लागली. दिलीप हळूच म्हणाला, "आये सही करत असेल तर मी पण करतो." झालं, सगळी तोंडं माझ्याकडं.

वसंता म्हणाला, "बाबांनी जन्मभर बंदुकीनं शेत राखलं. कधी कुणाला धक्का लागला?"

मी पान पुढं सारलं. "मला लागला असता," म्हटलं.

मग सांगितलं. वसंता तेव्हा पाळण्यात होता. भात पोटरीला आलं होतं. दिवस कलला होता, पाऊस भुरभुरत होता. बांध फुटलेला, तो लिंपायला मी इरलं पांघरून वाकले. इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं, वाकलेली बाई मागून डुकरासारखीच दिसते. हे राखणीच्या माचावर होते. ह्यांनी बार काढला. छर्रे इरल्याच्या कडेतून गेले. मी चिखलात तोंडावर पडले. हे धावत आले.

त्यानंतर ह्यांनी बंदुकीत छर्रा कधी घातला नाही. नुसती दारू ठासून आवाज काढायचे. गावाला वाटायचं, मोठा शिकारी. मी वाटू दिलं.

"बघा!" व्याही उसळले. "मी हेच म्हणत होतो!"

"व्याही, तुमची पार्टी जिंकली नाय. माझा नवरा चुकला एवढंच मी बोलले. तुम्ही एक हंगाम शेत राखा, मग बोला."

परतीच्या गाडीत पेण मागं पडल्यावर वसंता म्हणाला, "मी पण छर्रा घालणार नाय. बाबांसारखा नुसता आवाज."

"ते शिकायला बाबांना माझी पाठ लागली. तू कुणाची घेशील?"

घरी येऊन त्यानं पडवीत टांगलेलं तेच इरलं खाली काढलं. धुरानं काळं पडलंय. भोकांतून बोट घालून बघितलं आणि परत टांगलं.

कागद अजून लुगड्याखाली आहे, सहीशिवाय. डुकरं थांबली नाहीत. सकाळी वालाच्या दोन ओळी उकरलेल्या सापडतात, आणि त्याचा दोष आता माझ्या माथी. वसंता माचावर बसून पत्र्याचा डबा बडवतो.

काल दिवस कलताना मी वालात वाकून खड्डे बुजवत होते. माचावरून हाक आली, "आये, तू हायस ना गो?"

"हाय," म्हटलं.

मग डबा वाजला.