खंडेनवमीला पुजलेलं पिस्तूल

ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकाने माझ्या मुलाला पाकिटासाठी लोखंडी सळईने मारलं. पुढचे दात गेले, जबडा मोडला. जबडा जुळताच त्याने पिस्तूल विकत आणलं. पेनसिल्व्हेनियात दुकानदार नाव तपासतो आणि देऊन टाकतो. लपवून बाळगायला शेरीफच्या ऑफिसातून कार्ड काढावं लागतं, पण त्यासाठी चालवून दाखवावं लागत नाही. मुलगा कमरेला पिस्तूल लावून भाजी आणायला जाऊ लागला.

"हे घरात राहिलं तर मी राहणार नाही," सून म्हणाली. त्याने मनावर घेतलं नाही.

खंडेनवमीला लेक-जावई जर्सी सिटीहून आले. देवासमोर विळी, पाने-पक्कड, लॅपटॉप मांडले होते. मुलाने मधोमध पिस्तूल ठेवलं. सुनेने तेवढं सोडून सगळ्याला हळदकुंकू लावलं. मग त्यानेच त्यावर कुंकवाची ओली बोटं ओढली.

जावई म्हणाले, "आमच्या राज्यात पिस्तूल देण्याआधी पोलीस ओळखीच्यांना विचारतात, माणूस कसा आहे. तुला चांगला कोण म्हणेल?"

"तुम्ही बसा परवान्याच्या रांगेत, यार."

"दादा, रिकामं आहे ना ते?" लेकीने विचारलं.

"गोळ्यांचं मॅगझिन काढलंय, दिसत नाही?"

नळीत एक गोळी राहिली होती. कुंकू फटीत गेलं, म्हणून जेवणानंतर तो देवासमोरच मांडी घालून पिस्तूल खोलायला बसला. ते खोलताना आधी चाप ओढावा लागतो. त्याने ओढला.

कान बधिर झाले. गोळी मांडीतून जमिनीत गेली. रक्त कारंज्यासारखं उडालं, देवांवरसुद्धा. तो बोकडासारखा ओरडत होता. जावयांनी पट्टा आवळला, मी पदर जखमेत कोंबला आणि वर गुडघा दाबून बसले. हाताला हाडाचे तुकडे लागत होते.

पोलिसांनी कार्ड पाहिलं. गुन्हा काही नव्हता. "हे लाल काय लावलंय?" एवढंच त्यांनी पिस्तूल नेताना विचारलं.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "आई, पिस्तूल कुठंय?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. नर्स धावत आली.

पाय वाचला, आखूड झाला. पोलिसांनी पिस्तूल परत दिलं. "आता तर मला पळताही येणार नाही," म्हणून त्याने ते पुन्हा कमरेला लावलं. सून त्याच दिवशी जर्सी सिटीला नणंदेकडे निघून गेली. तिकडे इकडचं कार्ड चालत नाही, पिस्तूल सापडलं तर तुरुंग.

"ते घरी ठेवून तिला आणायला जा," मी रोज सांगते.

अजून गेलेला नाही.