मार्मोसेटसाठी डिंक शोधत नाकाडोंगरीला

चिमीचं वजन पुन्हा कमी भरलं, त्याच दुपारी मी रजा टाकली आणि नागपूरचं तिकीट काढलं.

चिमी ही मार्मोसेट, म्हणजे खारीएवढं, कानांवर पांढरे झुपके असलेलं ब्राझीलकडचं माकड. पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेत अशा माकडांची वसाहत आहे आणि त्यांची पशुवैद्य मी. रानात ही माकडं झाडाची साल दातांनी कोरून डिंक खातात. पिंजऱ्यात तो आपण द्यायचा. पाकिटातल्या डिंकाने आमच्या माद्यांची पोटं बिघडली, तपासलं तर त्यात रंग निघाला. विभागप्रमुख म्हणाले, "डिंक बंदच करा." मी चांगला डिंक शोधायचं ठरवलं. तुमसरच्या व्यापाऱ्यांकडे तो थेट रानातून येतो, असं कळलं होतं.

नागपूरहून गोंदियाकडे जाणारी सकाळची गाडी पकडा आणि तुमसर रोडला उतरा. मार्चमध्येही दुपारचं ऊन डोकं भाजून काढतं. तिथून तुमसर गावात जायला ऑटो मिळतो. भाडं आधी ठरवून घ्या. बसस्टँडजवळ लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्ले, सोबत तळलेली मिरची. एवढ्यावर दिवस निघतो.

डिंकाचे व्यापारी महेशभाऊ यांनी पोतं उघडलं. खडे मोठे, एकसारखे.

"झाडाला औषध टोचलंय का?" मी विचारलं.

"टोचतेतच, मॅडम. नाही तं एवढा माल निघत नाही. लाडूले चालते, माकडाले काहून नाही चालणार?"

"माकड मूठभर आहे, भाऊ. आणि रोज खातं."

त्यांनी पोत्याचं तोंड परत बांधलं. मग म्हणाले, "नाकाडोंगरीले यशोदाबाईकडे जा. तिच्या धुऱ्यावर बाभळी हायेत. थे कोणाले टोचू देत नाही."

दुपारची बस मिळाली. वाटेत जंगल लागतं आणि मध्येच खाणीकडचे ट्रक. खिडकी उघडी ठेवली तर काळसर धूळ खावी लागते. मी ठेवली, कारण बंद बसमध्ये जीव गुदमरत होता.

यशोदाबाई अंगणात चणे पाखडत होत्या. मी कशाला आले ते ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माकडाले डिंक? आमच्या इथचे माकडं अर्धा चना खाऊन राहिले. त्याईच्यासाठी तं कोणी डॉक्टर आला नाही."

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. चिमीची पिल्लं नराच्या पाठीला चिकटलेली, शेजारी चिमी.

"पोरं बापाच्या पाठीवर?"

"हो. आई पाजायला तेवढी घेते."

त्यांनी घरात बसलेल्या नवऱ्याला हाक मारून तो फोटो मुद्दाम दाखवला. मग परत चिमीकडे बघत म्हणाल्या, "बाई बारीक काहून झाली?"

"वर्षातून दोनदा वितात या. जुळी होतात, कधी तिळी. तिळ्यांतलं एखादं बहुधा जगत नाही."

"मंग तिले आराम कव्हा देता?"

"देत नाही," मी म्हणाले. संशोधनाला पिल्लं लागतात, हे पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. ते मी गिळलं.

त्या मला बांधावर घेऊन गेल्या. तिथे बांधाला धुरा म्हणतात. धान कधीच कापून झालं होतं, बाभळींच्या सालीवर मधाच्या रंगाचे थेंब वाळले होते. झाडावर होता तो थोडाच. बाकीचा घरात डब्यात, सुनेच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी जपलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा अर्धा रिकामा केला.

"न्या. बाळंतीण थेही आहे."

बाजारभावाने पैसे त्यांनी घेतले, जेवल्याशिवाय मात्र सोडलं नाही.

पुण्यात नमुना तपासला, स्वच्छ निघाला. लाकडाला भोकं पाडून डिंक भरला. चिमीने आधी नुसतं हुंगलं. दुसऱ्या सकाळी भोकाच्या कडा कुरतडलेल्या होत्या.

डिंकाने एवढंच होणार होतं. पुढच्या प्रजननाच्या आराखड्यात चिमीचं नाव आलं, तेव्हा मी सही केली नाही.

"पिल्लं कमी पडतील," विभागप्रमुख म्हणाले.

"पडू देत."

"मागणाऱ्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

सांगितलं. एक प्रकल्प पुढे ढकलावा लागला, तो चालवणाऱ्या शास्त्रज्ञबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. चिमी तिच्या नरासोबतच आहे, गर्भधारणा थांबवणारं इंजेक्शन दिलंय, आणि पाठीची हाडं आता हाताला टोचत नाहीत. आणखी दोन माद्यांना विश्रांती हवी आहे. त्याची बैठक सोमवारी आहे.